आभार माझ्याकडे असायचे

"मॅडम, जरा मागं सरा. तबक तेवढं फोटोत येऊ दे."

पर्यवेक्षक सर हसतच म्हणाले. टेबलावरची पाण्याची बाटली बाजूला करा म्हणावं, इतक्या सहज. मी मागं सरले. हात मात्र पुढंच ठेवावे लागले, कारण तबक हातात होतं. तबकात शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल आणि सन्मानचिन्ह. शाल सरांच्या खांद्यावर गेली. श्रीफळ सरांच्या हातात गेलं. टाळ्या झाल्या.

सत्कार ब्लॉगचा होता. आमच्या नववी ब च्या मुलांचा ब्लॉग. शाळेत तंत्रज्ञान कसं वापरावं, याच्या जिल्ह्यातल्या स्पर्धेत तो पहिला आला होता. तो ब्लॉग मी आणि माझ्या वर्गातल्या पोरापोरींनी मिळून उभा केला होता. सरांनी त्यातला एक लेखही पूर्ण वाचला असेल असं मला वाटत नाही.

तो फोटो शाळेच्या दर्शनी फलकावर लागला. अजून आहे. मधोमध सर. शेजारी पाहुणे. एका कडेला दोन हात, मनगटात बांगड्या, हातात तबक. हातांच्या मागं माणूस नाही.

सत्कार झाला आणि सूत्रसंचालन करणारे सर म्हणाले, "आता आभार. आभार नेहमीप्रमाणे आपल्या मराठीच्या मॅडम मानतील." सभागृहात थोडं हसू पिकलं. शाळेत आभार माझ्याकडे असतात हे पोरांनाही पाठ झालं होतं. मी तबक खाली ठेवलं, माईकसमोर गेले आणि आभार मानले. संस्थेचे, मुख्याध्यापकांचे, पाहुण्यांचे. पर्यवेक्षक सरांचे सगळ्यात जास्त. "ज्यांच्या प्रेरणेशिवाय हे शक्य नव्हतं" असं म्हणाले. शेवटी "विद्यार्थी मित्रांचेही" म्हणाले. एकाचंही नाव घेतलं नाही.

समोर सतरंजीवर नववी ब बसली होती. सानिका माझ्याकडे बघत नव्हती. सतरंजीचा निघालेला दोरा ओढत बसली होती.

आभार मानायला मला लहानपणी शिकवलंय. तेही सांगितलं पाहिजे.

आम्ही बौद्ध. कागल तालुक्यातलं आमचं गाव. आबा साखर कारखान्याच्या यार्डात ऊस उतरवायचे. घरात शाळेची पायरी नीट चढलेली मी पहिली. दहावीला शाळेत पहिली आले तेव्हा ग्रामपंचायतीसमोर माझा सत्कार ठेवला होता. एक पुढारी बोलायला उठले आणि म्हणाले, गावानं या पोरीला शिकवलं, पोरीनं गावाचं नाव राखलं. मला आठवतं, मी तेव्हा मान डोलावली. आबा लिंबाच्या झाडाखाली उभे होते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. त्यांना कुणी बस म्हणालं नाही आणि ते आपणहून बसणारे नव्हते.

माझं भाषण गुरुजींनी लिहून दिलं होतं. मी ते पाठ केलं होतं. त्यात पुढाऱ्यांचे आभार होते, ग्रामपंचायतीचे होते, दूध संस्थेचे होते. मी एकेक नाव घेत गेले. घरी आल्यावर लक्षात आलं, आबांचं नाव त्यात नव्हतं. आईचंही नव्हतं. मी रडायला लागले. आबा म्हणाले, "आमचं कशाला घ्यायचं? त्येंचं घेतलंस न्हवं, मग झालं. उपकार इसरायचं न्हाईत, बाळ."

आबा आता नाहीत. त्यांचं नाव माईकवर घ्यायचं राहिलं ते राहिलंच.

पुढं बारावी, बी.ए., बी.एड. प्रत्येक ठिकाणी कुणी ना कुणी मदत केली आणि प्रत्येकापुढं मी हात जोडले. काहींनी खरोखर मनापासून केली, त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे. पण हात जोडायची इतकी सवय झाली की कुणी काय दिलं आणि काय घेतलं, हे बघायचंच राहिलं.

कोल्हापुरातल्या या शाळेत मी शिक्षणसेवक म्हणून लागले. शिक्षणसेवक म्हणजे सुरुवातीची काही वर्षं कसोटीची. ती नीट गेली तर नोकरी कायम. माझ्या कामाचा अहवाल पर्यवेक्षक सर लिहितात. सर संस्थापकांच्या घरातले. बोलणं मऊ. पहिल्याच दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं, मग गाव विचारलं, मग गावात घर कुठल्या बाजूला ते विचारलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "असू दे, असू दे. आम्ही असलं काही मानत नाही." त्यावरही मी आभार मानले होते.

ब्लॉगचं असं झालं. शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण होतं. संगणक कक्षात सगळ्यांना बसवलं आणि शिकवणाऱ्या मुलीनं सांगितलं, आपापला ईमेल आणि पासवर्ड टाका. मला माझा पासवर्ड माहीत नव्हता. माझा ईमेल गावातल्या मोबाईलवाल्यानं फोन घेताना काढून दिला होता. त्यानं त्याच्या मनानं काहीतरी टाकलं आणि फोन चालू करून हातात दिला. मला वाटलं, झालं. आमच्याकडं निम्म्या लोकांचे ईमेल असेच निघालेत. मी तसं सांगितलं तर शेजारच्या बाकावरचे दोघं हसले. सर उठून आले आणि म्हणाले, "माझा घ्या, मॅडम. त्यात काय एवढं."

मला भरून आलं. एवढा मोठा माणूस स्वतःचं खातं आपल्याला वापरायला देतोय. मी ब्लॉग सरांच्या खात्यावर काढला. आणि सगळ्यात वर, मुलांच्या नावांच्या आधी, मोठ्या अक्षरात लिहिलं, 'प्रेरणास्थान व मार्गदर्शक', आणि पुढं सरांचं नाव. मला कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याकडं वाढदिवसाच्या फलकापासून लग्नपत्रिकेपर्यंत असंच असतं. वर मोठ्यांची नावं, खाली आपण. त्याशिवाय काही सुरू करता येतं, हे मला माहीतच नव्हतं.

ब्लॉगचं नाव मुलांनी ठेवलं, 'वाटेवरचं'. घरातून शाळेत येताना जे दिसतं ते लिहायचं, एवढाच नियम. मला टायपिंग येत नव्हतं. एका बोटानं अक्षर शोधायची. मुलं वैतागायची. एकानं मला बोलून लिहायचं शिकवलं, फोनसमोर बोललं की अक्षरं उमटतात. पण त्या फोनला आमचं 'हाय' आणि 'न्हाय' कळायचं नाही, तो भलतंच लिहायचा आणि वर्ग लोळून हसायचा. फोटो आडवा झाला तर सरळ कसा करायचा, लेखाला चित्र कसं जोडायचं, हे सगळं मी चौदा वर्षांच्या पोरांकडून शिकले. नोकरीतले ते माझे सगळ्यात सुखाचे दिवस. मधल्या सुट्टीत पोरं डबा हातात घेऊन माझ्याभोवती उभी राहायची.

एकानं लिहिलं दूध कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोरच दूध पिळून देतात त्याबद्दल. एका जैन पोरानं आजोबांच्या दुकानाच्या शटरच्या आवाजाबद्दल लिहिलं. ज्याचे वडील फाउंड्रीत आहेत त्यानं बाबांच्या शर्टावरच्या भोकांबद्दल लिहिलं. ठिणग्या उडून पडलेली भोकं.

एकदा एका मुलीनं विचारलं, "बाई, लेख आमचा हाय, मग खाली सरांचं नाव का येतंय?" प्रत्येक लेखाखाली खात्याचं नाव येत होतं. मी म्हणाले, "मशीन तसंच दाखवतं गं." आणि पुढं गेले.

सानिका उचगावची. तिची आई राजारामपुरीत एका इमारतीत धुणीभांडी करते. सुट्टीच्या दिवशी सानिका आईबरोबर जाते. तिनं लेख लिहिला, 'लिफ्ट'. माझ्या फोनवर, मधल्या सुट्टीत, सरळ ब्लॉगमध्येच. कच्चं लिहायची तिला गरज पडली नाही. तिची वाक्यं मी इथे देत नाही, ती तिची आहेत. काय होतं तेवढं सांगते. त्या इमारतीत लिफ्टजवळ पाटी आहे, कामवाल्यांनी जिन्याचा वापर करावा. तिची आई गुडघ्यावर हात ठेवून चौथ्या मजल्यावर जाते. एक दिवस लाईट गेली आणि सगळेच जिन्यानं निघाले. दुसऱ्या मजल्यावर सगळे धापा टाकत बसले. तेव्हा तिच्या आईनं त्यांना जिना कसा चढायचा ते शिकवलं. कुठं थांबायचं, कठड्याला कसं धरायचं, पिशवी कुठल्या हातात घ्यायची. त्या दिवशी इमारतीतल्या बायकांनी आईचं नाव पहिल्यांदा विचारलं. लेख तिथंच संपत होता. कुणाला एक वाईट शब्द नव्हता. मी वाचला आणि फोन बाजूला ठेवून खिडकीतून बाहेर बघत राहिले.

तो लेख खूप लोकांनी वाचला. खाली कितीतरी जणांनी लिहिलं. सानिका रोज येऊन फोन मागायची, आज कुणी काय लिहिलंय बघू म्हणायची.

त्या इमारतीत संस्थेच्या एका संचालकांचं घर आहे. हे मला नंतर कळलं.

सत्काराच्या आठवड्यात मी ब्लॉग उघडला तर 'लिफ्ट' नव्हता. वरचा होता, खालचा होता. मधला नव्हता. मी आत जायला गेले तर पासवर्ड चालेना. मी सरांच्या खोलीत गेले. त्यांनी बस म्हटलं, चहा सांगितला.

"काढला मीच. सत्काराला पाहुणे येणार, ते बघणार. झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. आणि तुमच्या मुलांना दुसरे विषय नाहीत का लिहायला?"

तुमच्या मुलांना. वर्गात सगळ्या घरांतली मुलं आहेत. पण मला कळलं ते कुणाला म्हणतायत. मी विचारलं, लेख परत मिळेल का, निदान मुलीला द्यायला. ते म्हणाले, तो पुरता पुसलाय. मग माझ्या अहवालाचा विषय काढला. चांगला लिहिणार आहे म्हणाले. बशीत बिस्कीट होतं. मी ते उचललं.

"बरं सर," मी म्हणाले.

त्यानंतर ते तबक. त्यानंतर ते आभार.

सत्कारानंतर सानिका लिहायची थांबली. फोन मागायला येईना. मी एकदा व्हरांड्यात तिला थांबवून म्हणाले, नवीन काहीतरी लिही. ती मान खाली घालून म्हणाली, "न्हाय बाई. पयला तुमीच काढलासा की."

मी म्हणाले, तुला कुणी सांगितलं.

"सर वर्गात येऊन सांगून गेलं. तुमच्या बाईंनीच काढला म्हनून. तुमाला आवडला न्हाय म्हनं."

एवढं बोलून ती गेली. मी तिला हाक मारली नाही. मारून काय सांगणार होते? सर खोटं बोलतात म्हणून? ज्यांना मी भर सभागृहात प्रेरणास्थान म्हणाले ते? सानिकानं ते आपल्या कानांनी ऐकलं होतं.

पुढच्या आठवड्यात तिची आई शाळेच्या फाटकाशी आली. कामावरूनच आली होती, पदर ओलाच होता. मला वाटलं, ही आता तक्रार करणार, माझ्या पोरीला असलं काही लिहायला लावू नका म्हणणार. मी घाबरले होते. ती म्हणाली,

"बाई, त्यो लिफ्टचा ल्येख परत काढून द्या की. पोरगी मला रोज वाचून दावायची. आता वाच म्हनलं तर गेला म्हनती."

मी विचारलं, कामावर कुणी काही बोललं का तुम्हाला.

"बोलली की. तुझी पोरगी लई लिवती म्हनली. मी म्हनलं, व्हय, लिवती. खोटं लिवलंय काय? मी रोज चढतो की त्यो जिना." मग तिनं विचारलं, "कुनी काढला वो?"

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. आणि माझ्या तोंडातून तेच आलं.

"मशीनमधून गेला, ताई."

"मशीन कुनाच्या हातात हाय?"

तिला खरंच माहीत नव्हतं, म्हणून तिनं विचारलं. टोमणा नव्हता. तिला वाटलं असेल, ज्याच्या हातात आहे त्याला जाऊन भेटावं, त्याच्याकडून लेख मागून घ्यावा. ती माझ्या उत्तराची वाट बघत उभी राहिली. तास सुरू झाल्याची घंटा झाली. मी "बघते" म्हणाले आणि आत आले. फळ्याकडं तोंड करून उभी राहिले. 

गावातल्या मोबाईलवाल्यानं माझा पासवर्ड ठेवला. गुरुजींनी माझे आभार लिहून दिले. सरांनी माझ्या पोरांचे लेख ठेवले. आणि दर वेळी मी हात जोडले. हे मला फळ्यासमोर उभं राहून कळलं. मी शिकले, पदव्या घेतल्या, आणि एवढी साधी गोष्ट एका धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या प्रश्नापर्यंत मला कुणाला विचारावीशी वाटली नव्हती.

काही दिवसांनी दुसऱ्या शाळांचे शिक्षक आमचा ब्लॉग बघायला आले. सभागृहात पडदा लावला. सरांनी माहिती दिली, आम्ही मुलांना कसं लिहितं केलं, वगैरे. सकाळीच मला सांगून ठेवलं होतं, "आभार तुमच्याकडेच. तुमच्याइतके नम्र आभार आमच्यात कुणाला जमत नाहीत." नववी ब मागच्या बाजूला बसवली होती.

माझं नाव पुकारलं. मी माईकपाशी गेले.  कागद नव्हता. मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

"आज आभार माझ्याकडे दिलेत. मी ते मानणार नाही. हा ब्लॉग नववी ब च्या मुलांनी लिहिलाय. सर त्याचे मार्गदर्शक आहेत हे मी लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. यात सानिकाचा 'लिफ्ट' नावाचा लेख होता. तो तिला न विचारता पुसला. सानिका, तो मी काढला नाही. सरांनी काढला. पण मला माहीत होतं आणि मी गप्प बसले. आणि याच माईकवर त्यांचे आभार मानले. ते आभार मी परत घेते."

 मग सर उठले, हसले आणि म्हणाले, "मॅडम जरा भावुक झाल्या. चला, चहा घेऊया." खुर्च्या सरकल्या. लोक चहाकडं गेले. बाहेरगावच्या एका शिक्षिका माझ्याजवळ आल्या आणि हळूच विचारलं, तो लेख वाचायला मिळेल का. मी नाही म्हणाले. तो आता कुठंच नाही.

मागं बघितलं तर नववी ब रांगेनं बाहेर पडत होती. सानिकानं दारात वळून एकदा बघितलं. हसली नाही. बघितलं फक्त.

मला खुलासा विचारलाय. सभागृहात गैरवर्तन केल्याबद्दल. मी लिहून दिलंय की बोलले ते खरं आहे. अहवाल काय जाईल हे मला समजतं. आई गावाहून फोन करून रडते. एवढं शिकून मिळालेली नोकरी, म्हणते, कशाला तोंड उघडलंस. तिला मी काय सांगू? तिचंही नाव त्या भाषणात नव्हतं, हे सांगू?

त्या मोबाईलवाल्याकडं मी गेले होते. त्याला पासवर्ड आठवत नव्हता, हसला नुसता. मी नवीन खातं काढलं. स्वतः, एका बोटानं, एकेक अक्षर बघून. शाळेचा संगणक आता मला मिळत नाही. रविवारी मी उचगावला जाते. समाजमंदिराच्या कट्ट्यावर पोरं जमतात. जैन पोरगाही येतो, त्याचे आजोबा सोडून जातात. घरोघरी जाऊन मी आईबापांना विचारून आले. प्रत्येकाच्या लेखाखाली त्याचं स्वतःचं नाव येतं. ते कसं आणायचं ते मी शिकून घेतलंय. प्रत्येक लेख लिहिणाऱ्याच्या घरी उतरवून ठेवायचा, हेही ठरलंय. वर कुणाचंही प्रेरणास्थान नाही.

सानिका येते. बारक्यांना टायपिंग शिकवते. स्वतः लिहीत नाही. मी एकदा विचारलं, पुन्हा विचारणार नाही. 'लिफ्ट' मला बराचसा आठवतो. बसले तर लिहून काढता येईल, तिची आई खूश होईल. मी ते करणार नाही. सरांनी तिचे शब्द पुसले. मी तिच्या जागी माझे घालणार नाही. ती लिहील किंवा लिहिणार नाही. ते तिच्या हातात आहे.

माझ्या हातात काय आहे तेवढं मला ठाऊक आहे. नोकरी राहिली तर याच शाळेत, याच सभागृहात मी उभी राहीन. गेली तर उचगावच्या कट्ट्यावर बसेन. तबक धरणार नाही. आणि जिथं माझ्या पोरांची नावं घेतली जाणार नाहीत, तिथं आभार मानायला उठणार नाही.